निकाल शाळेचा की पटाचा?

‘तुमच्या शाळेचा निकाल किती लागला?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या थांब्यावर, ग्रामसभेत तो हमखास विचारला जातो आणि उत्तर एका आकड्यात द्यायचे असते. आकडा मोठा असेल तर शाळा चांगली, लहान असेल तर वाईट. त्या आकड्यावरून शिक्षकांचीही किंमत ठरते. पालक मुलाचा दाखला काढून दुसऱ्या शाळेत नेतात तेही पुष्कळदा याच आकड्याकडे पाहून. मग वस्तीवरच्या शाळेचा पट घटतो, पट घटला की शिक्षकाचे पद कमी होते, आणि मागे राहिलेल्या मुलांच्या वाट्याला एकाच वर्गात दोन-तीन इयत्ता येतात.

एवढे सारे ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा नेमके काय मोजतो? विज्ञानात कोणतेही माप वापरण्याआधी ‘हे माप कशाकशामुळे बदलते?’ असा प्रश्न विचारायचा असतो. काटा वजन दाखवतो खरा, पण पारड्यात धान्याबरोबर पोतेही असेल तर पोत्याचे वजन वजा करावे लागते. शाळेच्या सरासरीला हाच प्रश्न या लेखात आपण विचारणार आहोत. उदाहरणासाठी जिल्हा घेऊ अहमदनगर, म्हणजेच २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेला.

एक जिल्हा, अनेक पट

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४५ लाख लोकसंख्या. त्या वर्षी जिल्ह्याची साक्षरता ७९ टक्क्यांच्या आसपास होती. पण ही सुद्धा एक सरासरीच आहे आणि तिच्या पोटात किमान तीन निरनिराळे प्रदेश आहेत.

पश्चिमेला अकोले तालुक्याचा सह्याद्रीतील डोंगराळ भाग. येथे महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या वाड्या दूरदूर विखुरलेल्या आहेत. मुलांची घरची बोली आणि पुस्तकातील मराठी यांत अंतर आहे. उत्तरेला प्रवरेच्या कालव्यांवर फुललेला ऊसपट्टा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि लोणीजवळ प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. या भागात पाण्यापाठोपाठ पैसा आला आणि पैशापाठोपाठ शाळा-महाविद्यालयेही आली. तिसरा प्रदेश दक्षिण आणि पूर्वेकडचा, म्हणजे पाथर्डी, जामखेड, कर्जत अशा पर्जन्यछायेतील तालुक्यांचा. येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात.

म्हणजे एकाच जिल्ह्यात ऊस तोडणारे गाव आहे आणि ज्याच्या शिवारात ऊस तोडला जातो ते गावही आहे. दोन्ही ठिकाणी शाळा आहेत. पुस्तके तीच, अभ्यासक्रम तोच. पण वर्गात बसलेली मुले सारख्या घरांतून आलेली नाहीत. या दोन शाळांच्या सरासऱ्या शेजारी शेजारी मांडून कोणती शाळा चांगली हे ठरवता येईल काय?

पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा

हाच प्रश्न अमेरिकेत गेली तीन दशके मोठ्या हिरिरीने लढवला गेला आहे. तिकडे १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने ‘चार्टर’ शाळांचा कायदा केला आणि १९९२ मध्ये अशी पहिली शाळा उघडली. चार्टर म्हणजे सनद किंवा करारनामा. खर्च सरकारी पैशातून, फी नाही, पण शाळा कशी चालवायची हे चालवणारी संस्था ठरवते. करारात कबूल केलेले साध्य झाले नाही तर सनद रद्द होऊ शकते. या शाळांच्या बाजूचे लोक त्यांचे चढे निकाल दाखवीत. विरोधक म्हणत, ‘तुमच्याकडे मुलेच निवडक येतात.’

आपल्याला ही रचना तितकीशी नवी नाही. पगार शासनाचा आणि कारभार संस्थेचा, अशी आपली खाजगी अनुदानित शाळा चार्टर शाळेची जवळची नातेवाईकच म्हणावी लागेल. तिचे मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यातील अनुदान पद्धतीत आहे. नगर जिल्ह्यात तर संस्थांच्या शाळांची परंपरा त्याहूनही जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे काम सुरू केले. मिशनच्या सिंथिया फरार यांनी नगरला चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याच्या विचाराला त्यातून बळ मिळाले. पुढे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने सातारा जिल्ह्यातून निघून नगर जिल्ह्यातही शाळांचे जाळे विणले.

शाळेत कोण येते हा प्रश्न विचारणारेही आपल्याकडे फार आधी होऊन गेले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले होते. सरकारचे उत्पन्न येते मुख्यतः कष्टकरी रयतेकडून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या वाट्याला, असे त्यांचे म्हणणे होते. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. शाळा किती चांगली आहे हे विचारण्याआधी ती कोणासाठी चांगली आहे हे विचारावे, असा या म्हणण्याचा अर्थ आपण आज घेऊ शकतो.

सरासरीची गंमत

आता थोडे गणित करू. पुढील दोन शाळा काल्पनिक आहेत, पण त्या तुम्हांला ओळखीच्या वाटतील.

शाळा ‘अ’ बाजारपेठेच्या गावात आहे, शाळा ‘ब’ माळावरच्या वस्तीत. दोन्हींत शंभर-शंभर मुले आहेत. मुलांचे दोन गट पाडू. पहिल्या गटातील मुलांच्या घरी आई शिकलेली आहे, दुसऱ्या गटातील मुले घराण्यात पहिल्यांदाच शाळेत आलेली. ‘अ’ शाळेत पहिल्या गटातील ८० आणि दुसऱ्या गटातील २० मुले आहेत. ‘ब’ शाळेत नेमके उलट, २० आणि ८०.

परीक्षा झाली. ‘अ’ शाळेत पहिल्या गटाची सरासरी ७० गुण आणि दुसऱ्या गटाची ४० गुण आली. ‘ब’ शाळेत पहिल्या गटाची ७४ आणि दुसऱ्या गटाची ४६ आली. दोन्ही गटांत ‘ब’ शाळा पुढे आहे. आता सगळ्या शाळेची सरासरी काढा.

शाळा ‘अ’ : (८० × ७० + २० × ४०) ÷ १०० = ६४
शाळा ‘ब’ : (२० × ७४ + ८० × ४६) ÷ १०० = ५१.६

गावात चर्चा होईल ती ६४ आणि ५१.६ या आकड्यांची. ‘ब’ शाळेने दोन्ही प्रकारच्या मुलांना अधिक चांगले शिकवले, तरी ती बारा गुणांनी मागे पडली! यात कोणी लबाडी केलेली नाही, बेरीज-भागाकारही बरोबर आहे. सरासरी काढताना प्रत्येक गटाला त्याच्या संख्येइतके वजन मिळते. ‘अ’ शाळेत जड पारडे पुढारलेल्या गटाचे होते, ‘ब’ शाळेत मागे राहिलेल्या गटाचे. आपण मोजले असे वाटते शिकवणे, पण आकड्यात मिसळून आला तो पट.

एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अशा कोड्याचा अभ्यास मांडला म्हणून त्याला ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात. वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्या. सातवी-आठवीची मुले ते सहज करतात, आणि उत्तर पाहून पुन्हा एकदा करून पाहतात.

तीस सप्टेंबर ते एप्रिल

आतापर्यंत आपण पट वर्षभर स्थिर असतो असे धरून चाललो. नगर जिल्ह्यातील शिक्षकांना ठाऊक आहे की तसे नसते. शाळेची माहिती भरताना ३० सप्टेंबरचा पट प्रमाण धरण्याची पद्धत आहे. त्या दिवशी ऊसतोड कामगारांची मुले बहुधा वर्गात असतात. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, त्यामुळे घरात आजी-आजोबा नसतील तर मुलांना बरोबर न्यावेच लागते. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, कारखान्याच्या परिसरात कोपीत संसार मांडला जातो. मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. त्यांनी पुष्कळ मुले वाचवली, पण सगळी नाही.

आता पुन्हा एक काल्पनिक उदाहरण. पाथर्डीकडच्या एका वर्गात जूनमध्ये ३० मुले आहेत. त्यांपैकी २० मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते. म्हणजे ६७ टक्के. दिवाळीनंतर ८ मुले आईवडिलांबरोबर गेली. या आठांपैकी दोघांनाच गोष्ट वाचता येत होती. मागे उरलेल्या २२ मुलांपैकी १८ जणांना वाचता येते. म्हणजे ८२ टक्के!

ती आठ मुले कारखान्याजवळच्या एका शाळेने आनंदाने वर्गात घेतली असे समजू. त्या वर्गात आधी ४० मुले होती आणि त्यांतील ३२ जण गोष्ट वाचत होते, म्हणजे ८० टक्के. आता ४८ मुलांपैकी ३४ वाचणारी झाली. म्हणजे ७१ टक्के.

पहिल्या शाळेचा आकडा ६७ वरून ८२ वर गेला, दुसऱ्या शाळेचा ८० वरून ७१ वर आला. या दरम्यान एकही मूल नवे अक्षर शिकले नाही आणि एकही मूल जुने अक्षर विसरले नाही. आठ मुले फक्त बैलगाडीत बसून एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेली. ज्या शाळेने परक्या मुलांना दार उघडले, तिला आकड्याने शिक्षा केली.

आकडा वाचताना ‘कोण मोजले गेले?’ हे विचारायचे ते यासाठीच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या यशाचेही तसेच. शाळेतील किती मुले परीक्षेला बसली आणि त्यांना कसे निवडले, हे कळल्याशिवाय शिष्यवृत्तीधारकांच्या संख्येवरून शाळांची तुलना करता येत नाही. २००५ पासून चाललेल्या ‘असर’ पाहणीची पद्धत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तिचे कार्यकर्ते वाचनाची चाचणी शाळेत घेत नाहीत, घरोघर जाऊन घेतात. जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे यदृच्छ पद्धतीने निवडली जातात. शाळेत जाऊन चाचणी घेतली असती, तर त्या दिवशी गैरहजर असलेली आणि शाळा सोडलेली मुले मोजण्यातून निसटली असती.

लहान शाळेचा हेलकावा

वाड्यावस्त्यांवरील शाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. समजा, एका वर्गात दहाच मुले आहेत. ९० गुण मिळवणारी एक मुलगी पुढच्या वर्गात गेली आणि तिच्या जागी २० गुण मिळवणारा मुलगा आला. वर्गाची सरासरी एकदम ७ गुणांनी घसरेल. शंभर मुलांच्या शाळेत हाच बदल झाला तर घसरण ०.७ गुणाची, म्हणजे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

संख्याशास्त्रात यासाठी एक साधा नियम आहे. एकेका मुलाचे गुण सरासरीच्या वर-खाली साधारण २० गुणांनी पसरलेले असतील, तर सगळ्या वर्गाच्या सरासरीचा हेलकावा काढण्यासाठी २० ला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. १६ मुले असतील तर २० ÷ ४ = ५ गुण; १०० मुले असतील तर २० ÷ १० = २ गुण; ४०० मुले असतील तर १ गुण. तेव्हा सोळा मुलांच्या शाळेचा निकाल एका वर्षी पाच गुणांनी चढला वा उतरला, तर केवळ तेवढ्यावरून शिक्षकाला हार घालू नये आणि नोटीसही देऊ नये.

जिल्ह्यातील शाळांची गुणानुक्रमे यादी केली तर सर्वांत वरच्या जागी काही लहान शाळा दिसतील. ‘लहान शाळाच उत्तम’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण यादी उलटी करून पाहावी. सर्वांत खालीही लहान शाळाच दिसतात. अमेरिकेत एका काळी यादीचा फक्त वरचा भाग पाहून मोठ्या शाळा फोडून लहान करण्यावर फार मोठा पैसा खर्च झाला. खालचा भाग पाहण्याचे शहाणपण नंतर सुचले.

मग तुलना करायची कशी?

‘पटामुळे आकडा बदलतो, म्हणून शाळांची तुलनाच नको’ असे आमचे म्हणणे नाही. तुलना करता येते, मात्र तिच्यासाठी थोडे कष्ट घ्यावे लागतात.

पहिली रीत जुळ्यांची. चार्टर शाळेतील प्रत्येक मुलासाठी साध्या सरकारी शाळांतून त्याच्यासारखीच मुले शोधायची. तीच इयत्ता, तीच आर्थिक स्थिती, आरंभीचे गुणही तेवढेच. मग वर्षभराने कोण किती पुढे गेले ते पाहायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने २००९ मध्ये सोळा प्रदेशांत अशी तुलना केली. गणितात १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के निकृष्ट आणि ४६ टक्के सारख्याच निघाल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चार्टर शाळांतील मुले सरासरीने पुढे दिसली, पण थोडीशीच. वर्षाला वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी. शाळेच्या दारावर कोणती पाटी आहे यापेक्षा आत काय चालते याला महत्त्व आहे, असा याचा अर्थ.

दुसरी रीत सोडतीची. शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त असले की चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुले आरंभी सर्व बाबतींत सारखी असतात, कारण त्यांना वेगळे केले ते केवळ नशिबाने. पुढे त्यांच्यात फरक पडला तर तो शाळेचा. बॉस्टन शहरातील चार्टर शाळांचा अभ्यास असा झाला आणि तेथे चार्टर शाळांचा लाभ मोठा आढळला. आपल्या देशात, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात, २००८ पासून चार वर्षे पाच जिल्ह्यांतील १८० गावांत असाच प्रयोग झाला. सोडतीने निवडलेल्या मुलांची खाजगी शाळेची फी भरली गेली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या विषयांत ही मुले सरकारी शाळेत राहिलेल्या मुलांच्या बरोबरीचीच निघाली. हिंदीत मात्र पुढे होती, कारण खाजगी शाळांच्या वेळापत्रकात हिंदीला तास होते. खाजगी शाळांचे उंच निकाल पाहून जो फरक मोठा वाटत होता, त्यातला बराचसा मुलांनी घरूनच आणलेला होता. त्याच वेळी हेही खरे की तेवढेच शिकवायला खाजगी शाळांना दर मुलामागे सरकारी शाळांच्या सुमारे एकतृतीयांश खर्च आला. प्रयोग नीट केला की तो दोन्ही बाजूंना न रुचणाऱ्या गोष्टी सांगतो.

येथे एक धोका आहे. घराचा प्रभाव एवढा मोठा, तर ‘आमच्याकडे मुलेच अशी येतात, आम्ही काय करणार?’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. १९६६ मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीतून दाखवले की गुणांमधील फरकाचा मोठा भाग घरच्या परिस्थितीशी निगडित असतो. त्या अहवालाचे हे एकच वाक्य सगळीकडे पोचले. त्यात दुसरीही गोष्ट होती. वंचित घरांतील मुलांच्या बाबतीत शाळा चांगली की वाईट याने अधिक फरक पडतो. ज्याच्या घरी पुस्तक आहे त्याला शाळेबाहेरही शिकता येते. ज्याच्या घरी ते नाही त्याला शाळा हीच एक जागा असते.

निकालावर पैसे दिले तेव्हा

शाळेला केवळ निकालावर जोखले तर काय होते, याचा प्रयोग इतिहासात होऊन गेला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळेचे अनुदान निकालाशी बांधले गेले. प्रत्येक मुलामागे हजेरीसाठी ४ शिलिंग आणि परीक्षेसाठी ८ शिलिंग. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्याचे पैसे कापले जात. मुंबई इलाख्यातही पुढे अनुदान निकालावर देण्याची पद्धत आली. परिणाम काय झाला असेल हे शिक्षकांना सांगायला नको. घोकंपट्टी वाढली, परीक्षेत नसलेले विषय मागे पडले आणि कच्चे मूल हे शाळेला ओझे वाटू लागले. इंग्लंडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत सोडून दिली.

याच्या अगदी उलट उदाहरण नगर जिल्ह्यातच आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी पाण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण तेथील ‘नापासांची शाळा’ही तितकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावकऱ्यांच्या श्रमदानातून उभ्या राहिलेल्या या शाळेच्या वसतिगृहात इतरत्र नापास झालेल्या, शाळेने नाकारलेल्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम देण्याची प्रथा पडली. ज्या शाळेत ९० टक्के गुणांच्या मुलांनाच प्रवेश मिळतो, तिने ९० टक्के निकाल लावला तर तिने नेमके काय केले? आणि नापासांना घेणाऱ्या शाळेने ६० टक्के निकाल लावला तर? सरासरीच्या यादीत दुसरी शाळा खाली राहील. पण शिकवण्याचे काम कोठे अधिक झाले, हे सांगायला यादीची गरज नाही.

आपल्या शाळेत काय करता येईल?

यासाठी संगणक किंवा मोठे खर्च लागत नाहीत. एक वही पुरे. जूनच्या पहिल्या आठवड्यांत प्रत्येक मुलाची वाचनाची पातळी पाहून ठेवा. अक्षरही न येणारे ०, अक्षर ओळखणारे १, शब्द वाचणारे २, सोपा परिच्छेद वाचणारे ३, गोष्ट वाचणारे ४. त्या पुढे आईचे शिक्षण आणि वर्षअखेर हजर दिवस लिहा. एप्रिलमध्ये त्याच पद्धतीने पुन्हा पातळी पाहा. जी मुले बाहेर गेली आहेत त्यांची नावे खोडू नका. ती परत आल्यावर त्यांचीही चाचणी घ्या.

आता चार प्रश्नांची उत्तरे काढा. जूनच्या पटातील शंभरापैकी किती मुले आपण मोजली? प्रत्येक मूल किती पायऱ्या चढले? सारख्या घरांतून आलेल्या, सारखे दिवस हजर असलेल्या मुलांत तुलना केली तर काय दिसते? आणि जी मुले मोजलीच गेली नाहीत, ती कोठे आहेत?

शून्यावरून तीनवर आलेल्या मुलाला नेहमीच्या निकालात स्थान नसते, कारण त्याला अजून ‘गोष्ट’ वाचता येत नाही. तुमच्या वहीत मात्र त्याच्या तीन पायऱ्या दिसतील. एक सावधगिरी बाळगा. पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि जे मूल जूनमध्येच चारवर आहे ते या मोजपट्टीवर आणखी वर जाऊच शकत नाही. त्याच्यासाठी वेगळी चाचणी हवी. कोणतीही मोजपट्टी तिच्या लांबीइतकेच मोजते.

ही वही केंद्राच्या बैठकीत न्या, पालकसभेत उघडून दाखवा. गणिताच्या तासाला वरिष्ठ वर्गातील विद्यार्थ्यांकडून नावे झाकून तिचे तक्ते करून घ्या. भारांकित सरासरी शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रवेशासाठी मुलाची वा पालकाची चाळणी लावायला त्याने बंदी केली, विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवायला सांगितले. पट मिसळावा हा त्यामागचा हेतू. पण कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत, ‘या मुलामुळे आपला निकाल खाली येईल’ हा विचार मनात येतो तेव्हा त्याला उत्तर द्यायचे असते ते आपण.

एप्रिल उलटतो आणि ऊसतोडीहून परतलेली एखादी मुलगी शाळेच्या दाराशी येऊन उभी राहते. सहा महिन्यांत तिने पाटी हाती धरलेली नाही. तिला वर्गात घेतले तर शाळेची सरासरी खाली येणार हे गणित बरोबर आहे. पण शाळा तिच्यासाठीच काढलेली आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘तुमच्या शाळेचा निकाल किती?’ असे विचारले, तर आकडा जरूर सांगावा, आणि लगेच विचारावे, ‘आमच्याकडे कोण कोण येते, हे नाही का विचारणार?’